पराभवाचे मूळ

आशियाई मैदानावर आपला फुटबॉल संघ हरला, की देशी साखळी दुबळी, असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस हे उत्तर अर्धेच वाटते. २०२२ साली मुंबई सिटी संघाने आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत इराकच्या विजेत्या संघास दोनदा नमविले. ७ गुण मिळविले. त्याच गटात सौदीच्या अल-शबाबकडून मात्र ०-३ व ०-६ अशी हार खाल्ली. २०२३ साली तर सहाही सामने गमावले. साखळी तीच होती! मात्र २०१४ पासून पहिली दहा वर्षे तिच्यात तळाच्या संघास खाली घसरण्याचे भयच नव्हते. देवळीचा मल्लही सांगेल : एखादी कुस्ती डावावर निघते; परंतु रोजची जोड तोलाची नसेल, तर दंगलीत दम टिकत नाही.