चवदार तळे : एका ठरावाची गोष्ट

चवदार तळ्याचा इतिहास आपण २० मार्च १९२७ पासून सांगतो. मला त्याआधीचा आणि नंतरचा नगरपालिकेचा कारभारही तितकाच बोलका वाटतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण कागदावरच. आम्हा मुसलमानांना तिथे पाणी घ्यायला आडकाठी नव्हती, अस्पृश्यांना होती.

बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले आणि सत्याग्रहींवर हल्ला झाला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तोही ४ ऑगस्ट १९२७ रोजी. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती! डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली.

तळ्यावरचा हक्क हायकोर्टाने मान्य केला १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून तेरा वर्षांनी.

म्हणून पाण्याचा ठराव मंजूर झाल्याची बातमी वाचली की मी एवढेच विचारतो : शेवटच्या वाडीतला हंडा भरला का?