डीझेल ट्रक : हवाप्रवेश व धूरनिकास यंत्रणांतील बदल

डीझेल इंजिनाकडे हवा नेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या मूळ यंत्रणांत ताकदवाढीसाठी केलेले फेरफार. अमेरिकेतील पिकअप ट्रकांमध्ये ते विशेष रूढ आहेत. १९८९ पासून डॉज रॅममध्ये बसविलेले ५.९ लिटरचे टर्बोयुक्त (धुराच्या जोरावर फिरून जादा हवा आत ढकलणारे यंत्र असलेले) कमिन्स इंजिन अशा फेरफारांसाठी प्रसिद्ध आहे.

डीझेल इंजिनाची ताकद मुख्यतः फवारलेल्या इंधनावर ठरते. इंधन वाढवून हवा अपुरी पडल्यास काळा धूर निघतो. म्हणून मोठा एअर फिल्टर व मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) बसवितात. टर्बोपुढील सायलेन्सर पाइप रुंद केल्यास धुराला होणारा अडथळा घटतो आणि टर्बाइन लवकर वेग घेते. इंधनपुरवठा तसाच ठेवल्यास मात्र लाभ अल्प असतो. फिल्टर नीट न बसल्यास आत शिरलेली धूळ टर्बोच्या कंप्रेसरची पाती व सिलिंडर झिजविते.

२००७ नंतरच्या अमेरिकी ट्रकांत काजळी अडविणारा डीपीएफ असतो. तो काढणे तेथील स्वच्छ हवा कायद्यानुसार बेकायदा असून त्यामुळे आरोग्यास घातक सूक्ष्मकण हवेत मिसळतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई आहे.