‘पुस्तक भेटलं’ ही चूक कुणी ठरवली?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर.

सिद्धेश्वर. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचं धरण आहे आणि खाली सिद्धेश्वरचं. समजा, इथली एखादी मुलगी पुण्याला शिकायला गेली. बोलता बोलता ती म्हणाली, “मला ते पुस्तक भेटलं.” समोरचा लगेच हसतो, “हो का? मग काय म्हणालं पुस्तक?” सगळे हसतात. तीही हसते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करायच्या आधी ती आपलं वाक्य मनात दोनदा तपासून बघते. तिसऱ्या दिवशी हातच वर करत नाही.

म्हणजे बघा, मराठी तिची आईची भाषा. आणि आईच्याच भाषेत ती ‘चुकते’. हे कसं काय होतं? आज याचाच इतिहास बघू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचं इंग्रजी कधी चुकत नसणार. साफ खोटं! ‘कुड हॅव’ हे बोलताना आखडून ‘कुडव्ह’ होतं, आणि अनेक इंग्रज पोरं लिहिताना ते ‘कुड ऑफ’ असं लिहून मोकळी होतात. ‘देअर’ हा उच्चार ‘तिथे’ला आणि ‘त्यांचं’ला सारखाच, त्यामुळे तिथेही घोळ. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचं जे होतं तेच हे. कान एक ऐकतो, नियम दुसरं मागतो.

दुसऱ्या प्रकारच्या चुका मात्र जास्त मजेशीर आहेत. इंग्रजीत एका वाक्यात दोन नकार घातले की शाळेत लाल रेघ पडते. पण चॉसर आणि शेक्सपिअर दोघांनीही असे दुहेरी नकार लिहिलेत. मग ते चूक कधी झाले? १७६२ साली रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्रीनं इंग्रजीचं एक व्याकरण छापलं. दोन नकार एकमेकांना खोडतात आणि होकार होतो, असा गणितासारखा नियम त्याच्या नंतरच्या आवृत्तीत आला. १७९५ मध्ये लिंडली मरेचं व्याकरण आलं आणि असे नियम शाळाशाळांत पोचले. लोकांचं बोलणं तेच राहिलं. फक्त आता त्याला ‘अडाणी’ असं नाव पडलं.

आता आपल्याकडे या. मराठीत लिहिणारी सगळ्यात जुनी माणसं कुठली? ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांचं नाव अंबाजोगाईशी जोडलेलं. ज्ञानेश्वरांचं घराणं पैठणजवळच्या आपेगावचं. जनाबाई गंगाखेडच्या. आणि नामदेव? परंपरा सांगते, नर्सीचे. नर्सी म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातलंच गाव. त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले ते औंढा नागनाथाला, अशी कथा आहे. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. यांच्यापैकी कुणाच्याही हातात मराठीच्या शुद्धलेखनाचं पुस्तक नव्हतं, कारण तसं पुस्तकच नव्हतं.

पुस्तकं आली एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर. १८०५ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं मराठीचं व्याकरण छापलं. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ आलं. त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणतात, आणि त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणांचा साचा होता. मराठीत स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रजाला दिलं जातं. शाळेची मराठी पुस्तकंही त्याच्या नजरेखालून जायची. म्हणजे मराठी पोरांनी कोणतं मराठी शिकायचं, यात एका साहेबाचा मोठा हात होता!

हे सगळं चाललं होतं मुंबई-पुण्याकडे, इंग्रजांच्या मुलखात. शाळेची पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी भाषांतरं जिथे तयार झाली, तिथल्या शिकलेल्या माणसांची बोली ‘प्रमाण’ झाली. यात कुणाचा कट नव्हता. छापखाना जिथे, तिथली भाषा छापली गेली, इतकंच.

पण त्या वेळी मराठवाडा कुठे होता? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पलीकडचे लोक आपल्या भागाला ‘मोगलाई’ म्हणायचे. इथे कारभाराची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. घरात, शेतात, बाजारात, कीर्तनात मराठी होतीच. पण ‘शुद्ध मराठी’ कोणती हे जिथे ठरत होतं, तिथे मराठवाड्याला जागा नव्हती. ज्या मातीशी मराठीत लिहिणाऱ्या जुन्या माणसांची नावं जोडलेली आहेत, तिथल्या माणसाचं मराठी अशुद्ध ठरलं ते असं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आणि १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ उभं राहिलं. पुणे, मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा, अशा चार भागांतल्या साहित्य संस्था त्यात एकत्र आल्या. मराठवाडा साहित्य परिषद त्यातलीच एक. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या पंगतीला आपलं पान पहिल्यांदा वाढलं गेलं.

महामंडळानं १९६२ मध्ये लेखनाचे १४ नियम केले, १९७२ मध्ये आणखी ४ घातले. आज आपण जे शिकतो ते हेच १८ नियम. आणि त्यांनी केलं काय? ज्या अनुस्वारांचा उच्चार कुणीच करत नव्हतं ते काढून टाकले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘पांच’चं ‘पाच’, ‘कांहीं’चं ‘काही’. ‘कवि’ होता त्याचा ‘कवी’ झाला. संवादात बोलण्यासारखं ‘असं केलं’ लिहायलाही वाट ठेवली. आजोबांना ‘नांव’ लिहिल्याबद्दल शाबासकी मिळाली असेल, आणि नातवाला त्याच ‘नांव’वर लाल रेघ मिळेल. शब्द तोच, माणसं तीच. फक्त ठराव बदलला.

आता परत ‘पुस्तक भेटलं’कडे. प्रमाण मराठी म्हणते, माणूस भेटतो आणि वस्तू मिळते. ठीक. पण ‘मिळणे’ आलं कुठून? संस्कृतातल्या ‘मिल्’ धातूवरून, आणि त्याचा अर्थच मुळी एकत्र येणं, भेटणं! तो अर्थ अजून मेलेला नाही. सिद्धेश्वरवरून खाली गेलेली पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला काय करते? ‘मिळते’. म्हणजे ‘मिळणे’ हा शब्द भेटण्यापासून निघाला आणि हाती लागण्यापर्यंत आला. त्याला कुणी हसलं नाही. आज ‘भेटणे’ त्याच वाटेनं चाललंय, तर आपण त्याला चहाचं विचारतो.

तसंच ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणं. तसंच लातूर-नांदेडकडचं ‘येऊलालो’, विदर्भाकडचं ‘करून राहिलो’, ‘मले’, ‘काहून’. या चुका नाहीत. चूक माणूस एखाद्या वेळी करतो. अख्खा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या एकाच पद्धतीनं ‘चुकत’ असेल, तर ती त्याची बोली असते, आणि तिलाही व्याकरण असतं. ‘येऊलालो’ कुठे बसतं आणि कुठे नाही, हे तिथल्या चार वर्षांच्या पोरालाही न शिकवता कळतं.

मग नियम सोडून द्यायचे का? अजिबात नाही. स्पर्धा परीक्षेत शुद्धलेखनाचे मार्क आहेत, अर्ज सगळ्या महाराष्ट्राला एकसारखा वाचता आला पाहिजे, कोर्टाचा कागद गडचिरोलीत आणि सावंतवाडीत एकाच अर्थानं लागला पाहिजे. त्यासाठी सगळ्यांनी मिळून ठरवलेली एक लेखी भाषा लागते. १८ नियम आहेत, ते एकदा नीट बसून शिका. फार अवघड नाहीत. पण ते शिकताना एवढं लक्षात असू द्या की ही वाहतुकीच्या नियमांसारखी सोय आहे. डावीकडून गाडी चालवणारा माणूस उजवीकडून चालवणाऱ्यापेक्षा जातीनं मोठा नसतो.

आणि कुणी वर्गात ‘भेटलं’ म्हणालं, तर परीक्षेत ‘मिळालं’ लिही एवढं तिला जरूर सांगा, पण हसू नका. त्या हसण्यानं भाषा सुधारत नाही, एक हात खाली जातो.

तुमच्या गावात असा कोणता शब्द आहे, ज्यावरून बाहेर गेल्यावर तुम्हाला टोकलं गेलं? आम्हाला नक्की कळवा, आणि आहे तसा, तुमच्या बोलीतच कळवा. भेटू पुढच्या भागात!