गिरणीची नोकरी आणि ऑलिंपिकचं सुवर्ण

मंडळी, मीरा-भाईंदरमध्ये बोलताना गिरणी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं या बाजूला राहायला आली. आजची गोष्टही गिरणीतल्याच एका बाईची आहे, फक्त गिरणी जपानची.

मासाए कासाई, जन्म १९३३. ओसाकाजवळच्या काइझुका गावी निचिबो नावाच्या कापड गिरणीत त्या नोकरीला होत्या आणि गिरणीच्या व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या. दिवसा कचेरीचं काम, ते संपलं की मध्यरात्रीपर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु हे दुसऱ्या महायुद्धात इम्फाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेले. त्यामुळे शिस्त लष्करी! चेंडूखाली अंग झोकून द्यायचं, तो उचलायचा आणि लोळण घेऊन लगेच उभं राहायचं, ही या मुलींची खासियत.

१९६२ मध्ये मॉस्कोला त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. आता थांबावं, असं खेळाडूंच्या मनात होतं. कासाई तिशीला टेकलेल्या, आणि लग्नाचं वय उलटतंय ही कुजबूज तिकडेही आपल्यासारखीच. पण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल प्रथमच येणार होतं. लोकांची हजारो पत्रं आली. त्या थांबल्या नाहीत.

२३ ऑक्टोबर १९६४. अंतिम सामन्यात जपानने सोव्हिएत संघाला ३-० असं हरवलं. ऑलिंपिकमधला स्त्रियांचा हा पहिला सांघिक खेळ, आणि सुवर्ण जिंकणाऱ्या १२ जणींपैकी १० निचिबोच्या!

पुढे काय झालं? पंतप्रधान एसाकु सातो यांच्या मध्यस्थीने कासाईंचं लग्न जुळलं, १९६५ साली. म्हणजे बघा, देशाने त्यांचं ऋण फेडलं ते स्थळ शोधून! यात आपुलकी होती, नाही असं नाही. पण सुवर्ण आणलेल्या बाईचं काहीतरी अपुरंच आहे, ही समजूतही होती. कासाई मात्र खेळापासून दुरावल्या नाहीत. पुढे गृहिणींमध्ये व्हॉलीबॉल रुजवायला त्यांनी मदत केली. २०१३ मध्ये त्या गेल्या.

मुंबईच्या गिरण्यांतही एके काळी हजारो बायका राबत होत्या. पाळी सुटली की त्यांची दुसरी पाळी चुलीपाशी सुरू व्हायची. मैदान पुरुषांचं. भारताचा महिला व्हॉलीबॉल संघ अजून ऑलिंपिकला पोहोचलेला नाही. त्याची कारणं शोधताना नुसता खेळ पाहू नका. कामावरून सुटलेल्या बाईची संध्याकाळ कोणाच्या मालकीची होती, तेही विचारा.