तळटीप : दांडेकर समिती आणि अनुशेष

१२. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समिती. नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाकडे महाराष्ट्र सरकारने १९८३ मध्ये प्रादेशिक असमतोल मोजण्याचे काम सोपवले. समितीने जिल्हा हा घटक धरला. रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे काढून ती तूट, म्हणजेच अनुशेष, रुपयांत मांडली. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६ कोटींहून अधिक निघाला. विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४. उरलेले ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचे होते, हे वादाच्या भरात सर्रास विसरले जाते. पुढारलेल्या जिल्ह्यातला मागास तालुका या मोजणीत झाकला जातो, ही मर्यादा खरी. विजय केळकर समितीने (अहवाल २०१३) तालुका हा घटक धरला तो योग्यच. तरीही मागासलेपणाची तक्रार भावनेच्या पातळीवरून आकड्यांवर आणली ती दांडेकरांनी. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, तेव्हा निधिवाटपाच्या चर्चेला हाच पाया मिळाला. – संपा.