गहुलीचे दोन मुख्यमंत्री आणि भिवंडीचा एक उपायुक्त

१/ यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या गहुली या लहानशा गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले: वसंतराव नाईक आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव. दोघांच्याही कारकिर्दीत मोठी दंगल झाली. पोलिसांचे नेतृत्व कशाला म्हणावे, हे त्या दोन दंगलींच्या मधल्या काळात शोधावे लागते.

२/ पहिली दंगल भिवंडीची. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत ठिणगी पडली. तपासासाठी नेमलेल्या विशेष पोलीस पथकानेच पक्षपात केला, असा ठपका न्या. मादन आयोगाने ठेवला. १९८४ मध्ये यंत्रमागांचे हे शहर पुन्हा जळाले.

३/ १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त झाले. शांतता समित्या पूर्वीही असत. पण त्यांत प्रतिष्ठितांचा भरणा, आणि त्यांची आठवण होई ती आग लागल्यावर. खोपडे यांनी वस्तीवस्तीत सुमारे ७० मोहल्ला समित्या उभारल्या. सदस्य हिंदू आणि मुसलमान, बहुतेक साधी माणसे. शांततेच्या दिवसांतही बैठका होत. शेजाऱ्यांचे किरकोळ भांडण तेथेच मिटे; अफवा उठली तर कोणाला विचारायचे, हे पोलिसाला ठाऊक असे. ठाण्याच्या पायरीला बिचकणारा माणूस पोलिसाला नावाने ओळखू लागला, हे यातले खरे काम.

४/ डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली. मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत पेटली. सुमारे ९०० माणसे मेली. जिचे नावच दंगलीशी जोडले गेले होते, ती शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली.

५/ सुधाकरराव तेव्हा मुख्यमंत्री होते. राजकारणातील गुन्हेगारांवर हात टाकणारा नेता अशी त्यांची ख्याती. त्यांना केवळ दुबळे ठरवणे अन्यायाचे होईल. तरीही १९९८ च्या अहवालात न्या. श्रीकृष्ण आयोगाने स्पष्ट नोंदवले की, सैन्याच्या प्रभावी वापराचा आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांचे चार मोलाचे दिवस गेले. परस्परविरोधी आदेश वरून खाली झिरपले आणि गोळी चालवावी की नाही, या संभ्रमात शिपाई सापडला. काही पोलिसांच्या उघड पक्षपातावरही आयोगाने बोट ठेवले.

६/ भिवंडीचे सगळे श्रेय समित्यांना देता येणार नाही. मागावर दोन्ही समाजांचे पोट होते आणि १९८४ ची राख ताजी होती. पण मुंबईने तोच मार्ग धरला, तो दंगलीनंतर. पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये तेथे मोहल्ला समित्या सुरू झाल्या.