शनिवारचे खिंडार

स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स अठरा वर्षे इंग्लंडच्या कैदेत काढून १४२४ मध्ये मायदेशी परतला. त्याच वर्षी पर्थ येथे भरलेल्या संसदेने जे कायदे केले, त्यांतला एक माशाबद्दल होता. १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणापासून ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापर्यंत कुणीही सॅमन मारू नये, असे त्यात म्हटले होते. गुन्हा सिद्ध झाला तर चाळीस शिलिंग दंड होता, आणि तिसऱ्यांदा सापडला तर देहान्त.

एका माशासाठी फाशी? पण त्या काळी स्कॉटलंडकडे परदेशी विकण्याजोगे होते तरी काय? लोकर, कातडी आणि सॅमन. ॲबरडीन, पर्थ अशा गावांतून मीठ लावलेला सॅमन पिंपांत भरून उत्तर समुद्रापलीकडे जाई आणि त्याच्या बदल्यात रोकड येई. नदीतला मासा म्हणजे राजाच्या तिजोरीतला पैसा होता. सॅमन धरण्याचा मूळ हक्कही राजाचाच. तो त्याने मठांना, सरदारांना आणि व्यापारी नगरांना वाटून दिला. आजही स्कॉटलंडमध्ये हा हक्क जमिनीपासून वेगळा असतो. काठावरचे शेत एकाचे आणि त्याच पाण्यातला सॅमन दुसऱ्याचा, असे सर्रास आढळते.

वाटणी आली की भांडणही आले. सॅमन समुद्रातून नदीत शिरतो आणि वर चढत जातो. त्यामुळे नदीच्या मुखाशी ज्याचा हक्क, तो वरच्यांचे ताट रिकामे करू शकतो. त्या काळी नदीत आडवे दगडी बांध घालत आणि त्यांत लाकडी पिंजरे बसवत. मासा वर चढताना आपसूक पिंजऱ्यात शिरे. यावर तोडगा निघाला तो आठवड्याच्या सुट्टीचा. शनिवारी संध्याकाळी बांधात वाट मोकळी करायची ती सोमवारी सकाळपर्यंत. या खिंडाराला ‘सॅटर्डे स्लॅप’ म्हणत, आणि परंपरेने त्याचे श्रेय तेराव्या शतकातल्या दुसऱ्या अलेक्झांडर राजाला दिले जाते. रविवारी देवाचे नाव घ्यायचे हे कारण होतेच, पण त्या छत्तीसेक तासांत जो मासा निसटून वर जाई, तो वरच्या हक्कदारांचा वाटा असे. पहिला रॉबर्ट ब्रूस याच्या १३१८ च्या कायद्यानेही माशांची आणि त्यांच्या पिलांची ये-जा अडेल असे सापळे रोखण्याचा प्रयत्न केला.

म्हणजे सॅमनची बंदी जन्माला आली ती माणसामाणसांतली वाटणी म्हणून. माशाची कीव कुणालाच आली नव्हती. पुढच्या सहाशे वर्षांचा बराचसा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो: कुणी, किती दिवस हात आवरायचा?

माशाबद्दलची माहिती मात्र अर्धवट होती. सॅमन शरद ऋतूच्या शेवटी नदीच्या वरच्या अंगाला, गार आणि वाहत्या पाण्यातल्या खड्यांत अंडी घालतो, एवढे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तर १४२४ ची बंदी ऑगस्ट ते नोव्हेंबर अशी. पण अंड्यांतून निघालेल्या पिलाचे पुढे काय होते? स्कॉटिश ओढ्यांत बोटभर लांबीचे, अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे डाग असलेले मासे भरपूर सापडत. त्यांना ‘पार’ म्हणत. ही वेगळीच जात आहे असे बहुतेक विद्वानांचे मत होते, त्यामुळे पोरेसोरे टोपल्या भरभरून पार पकडत आणि कायदा त्याकडे बघतही नसे.

हा गैरसमज मोडला तो एका शिकाररक्षकाने. जॉन शॉ हा ड्रमलॅनरिग येथे बक्ल्यूच्या ड्यूककडे नोकरीला होता. १८३० च्या दशकात त्याने तळी खणली, त्यांत ओढ्याचे पाणी खेळवले, सॅमनची अंडी फळवून पिले वाढवली आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. सुमारे दोन वर्षांनी त्याच्या डोळ्यांदेखत डागांचे पार चंदेरी झाले. हे चंदेरी पिलू म्हणजे समुद्राकडे निघणारा ‘स्मोल्ट’. पार ही सॅमनचीच बाल्यावस्था आहे हे सिद्ध झाले. समुद्रात एक हिवाळा काढून परतणारा ‘ग्रिल्स’, दोन-तीन हिवाळे काढून येणारा मोठा मासा, आणि अंडी घातल्यावर खंगून परत समुद्राकडे जाणारा ‘केल्ट’ ही सगळी एकाच आयुष्याची रूपे आहेत. केल्टांपैकी बहुतेक मरतात, थोडे वाचतात आणि पुन्हा येतात.

हे ज्ञान येईपर्यंत बाजाराने वेग घेतला होता. अठराव्या शतकात लंडनला जाणारा स्कॉटिश सॅमन मिठातला किंवा उकडून व्हिनेगरमध्ये मुरवलेला असे. १७८० च्या दशकात जॉर्ज डेम्पस्टर या खासदाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्तुळातल्या अलेक्झांडर डॅलरिंपलकडून कळले, की चीनच्या किनाऱ्यावरचे कोळी मासे बर्फात ठेवून दूरवर नेतात. डेम्पस्टरने ही युक्ती पर्थच्या एका व्यापाऱ्याला कळवली. थोड्याच वर्षांत ताजा सॅमन बर्फात बसून लंडनला पोहोचू लागला. नदीच्या मुखाशी बर्फघरे उभी राहिली. स्पे नदीच्या मुखावरचे टगनेटचे १८३० चे बर्फघर आजही पाहता येते. भाव चढले तशी जाळी वाढली आणि नदीच्या वरच्या भागातले जमीनदार पुन्हा ओरडू लागले.

सॅमनच्या मुबलकतेबद्दल एक दंतकथाही आहे. म्हणे, पूर्वी सॅमन इतका स्वस्त होता की ‘आठवड्यातून अमुक वेळांहून जास्त सॅमन वाढू नये’ अशी अट उमेदवार कामगार आपल्या करारात घालून घेत. इंग्लंड-स्कॉटलंडच्या जवळजवळ प्रत्येक सॅमन-गावात ही गोष्ट सांगतात. असा करार मात्र शोधूनही कुणाला मिळालेला नाही.

अखेर १८६२ आणि १८६८ च्या कायद्यांनी स्कॉटलंडच्या नद्यांची घडी बसवली. प्रत्येक नदीखोऱ्यासाठी हक्कदारांचे मंडळ नेमले गेले. वर्षातून किमान १६८ दिवस जाळी बंद, आणि दर आठवड्याला शनिवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत बंद. टे नदीची वार्षिक बंदी २१ ऑगस्ट ते ४ फेब्रुवारी अशी आहे. दिवस मोजले तर बरोबर १६८ भरतात. गळवाल्यांना मात्र या बंदीच्या दोन्ही टोकांना सवलत मिळाली, म्हणून टेवर गळाचा हंगाम १५ जानेवारीला उघडतो आणि १५ ऑक्टोबरला मिटतो. ट्वीड नदीचा कायदा वेगळा. तिथे गळ १ फेब्रुवारीपासून थेट ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. उत्तरेकडच्या थर्सो नदीवर तर हंगाम ११ जानेवारीलाच सुरू होतो.

गळवाल्यांवर ही मेहेरबानी का? कारण तोवर गळ हे श्रीमंतांचे खूळ झाले होते. सॅमनला गळाने धरण्याची कला जुनीच. १४९६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापलेल्या गळविषयक प्रबंधातही तिचे वर्णन आहे. पण स्कॉटिश डोंगराळ मुलुखाची ओढ इंग्रज धनिकांना लागली ती एकोणिसाव्या शतकात. डी नदीकाठी बॅल्मोरल ही राजघराण्याची मालमत्ता झाली, रेल्वे उत्तरेकडे सरकली, आणि नदीचे तुकडे पाडून ते हंगामापुरते भाड्याने जाऊ लागले. अशा तुकड्याला ‘बीट’ म्हणतात. बीटवर ‘गिली’ असतो. पाहुण्याला मासा कुठे बसला आहे ते दाखवणारा, होडी वल्हवणारा, माशाचे वजन वहीत टिपणारा हा स्थानिक जाणकार. विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिलेली ‘जॉक स्कॉट’ ही रंगीबेरंगी पिसांची बनावट माशी अशाच एका नोकराच्या नावाने ओळखली जाते. नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही, तरीही अशा माशीवर झडप घालतो. तो असे का करतो यावर गिलींची मते जितकी, तितकेच वाद.

या थाटाची किंमत मोजली ती काठावरच्या गरिबांनी. ट्वीडच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री मशाली पेटवून, पाण्यात उभे राहून बहुदाती भाल्याने सॅमन टिपण्याची रीत होती. वॉल्टर स्कॉटच्या ‘गाय मॅनरिंग’ या कादंबरीत तिचे वर्णन आहे, आणि विल्यम स्क्रोपने १८४३ च्या आपल्या ट्वीडवरच्या पुस्तकात ती मोठ्या रसाने रंगवली आहे. अंडी घालायला आलेले मासे त्यात मरत, हे खरे. पण १८५७ च्या ट्वीड कायद्याने भाला गुन्हा ठरला तेव्हा कालपर्यंतचा जत्रेसारखा खेळ एका रात्रीत चोरी झाला. वरच्या साहेबाचा गळ मात्र नोव्हेंबरअखेर पाण्यात राहिला.

गळाच्या सुवर्णकाळाचा सर्वांत मोठा मासा मात्र साहेबाच्या हाती लागला नाही. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीवर कॅपुथजवळ जॉर्जिना बॅलंटाइन ही तरुणी वडिलांसोबत होडीत होती. वडील त्या बीटवर होडीवाले होते. संध्याकाळी तिच्या गळाला मासा लागला आणि अंधार पडून दोनेक तास झुंज चालली. वजन भरले ६४ पौंड, म्हणजे २९ किलो. ब्रिटनमध्ये गळाने पकडलेल्या सॅमनचा तो विक्रम शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. तो मासा पर्थच्या इस्पितळात देण्यात आला आणि तिथल्या रुग्णांनी व कर्मचाऱ्यांनी खाल्ला.

तोवर किती मासे मारायचे यावर गळवाल्यांना फारसे बंधन नव्हते. हंगाम होता, मर्यादा नव्हती. ती आली समुद्रामुळे. १९६० च्या दशकात ग्रीनलंडच्या पश्चिमेला सॅमनचे चराईचे ठिकाण सापडले आणि नायलॉनची जाळी तिथे पोहोचली. त्याच दशकाच्या शेवटी ब्रिटिश नद्यांत त्वचारोगाची साथ पसरली. अनेक देशांनी मिळून उत्तर अटलांटिकमधल्या सॅमनसाठी करार केला आणि १९८४ मध्ये त्याची संघटना एडिंबरा येथे सुरू झाली. ऑरी विगफुसन या आइसलंडच्या उद्योजकाने वेगळी वाट काढली. कोळ्यांना पैसे देऊन त्यांचे परवानेच विकत घ्यायचे, असा सौदा त्याने ठिकठिकाणी घडवला. स्कॉटलंडमधली जाळ्यांची साप्ताहिक सुट्टी १९५१ मध्ये ४२ तासांची आणि १९८८ मध्ये ६० तासांची झाली. शनिवारचे खिंडार शुक्रवारी संध्याकाळीच उघडू लागले.

मग पाळी गळवाल्यांची आली. २००२ मध्ये गळाने धरलेला सॅमन विकण्यास बंदी झाली. २०१५ पासून १ एप्रिलच्या आधी धरलेला प्रत्येक सॅमन पाण्यात सोडणे सक्तीचे झाले, कारण लवकर येणारे वसंतातले मासे सर्वाधिक घटले होते. २०१६ पासून नद्यांची प्रतवारी सुरू झाली. पुढची पिढी टिकवण्यासाठी नदीत किमान किती अंडी पडायला हवीत याचा हिशेब मांडतात आणि मागच्या पाच वर्षांत तो आकडा गाठला जाण्याची शक्यता काढतात. ती ८० टक्क्यांहून जास्त असेल तर नदी पहिल्या श्रेणीत, ६० ते ८० असेल तर दुसऱ्या. त्याखाली घसरली तर तिसरी श्रेणी, आणि तिथे एकही मासा मारता येत नाही. किनाऱ्यावरच्या जाळ्यांनाही त्याच वर्षी मासा ठेवण्याची मनाई झाली.

भारताशी या कथेचा एक धागा जुळतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथल्या नद्यांत महासीर पाहिला आणि सॅमनची आठवण काढली. मद्रास इलाख्यातले अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये गळावर एक ग्रंथच लिहिला आणि त्यात झुंजीच्या बाबतीत महासीरला सॅमनच्या वर बसवले. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. स्थिर सापळे, बांध आणि जाळ्यांचे आकार यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्कॉटिश नद्यांवरचे जुने वादच त्यात दिसतात. महाराष्ट्रात महाडजवळच्या वाळणकोंडीत महासीर राखला गेला तो मात्र कायद्याने नव्हे, देवीच्या धाकाने.

स्कॉटलंडच्या गळवाल्यांनी नियमांच्या पुढे पाऊल टाकले हे मान्य करायला हवे. १९९४ मध्ये पकडलेल्या सॅमनपैकी दहा टक्केही सोडले जात नव्हते. आता नव्वद टक्क्यांहून जास्त सोडले जातात. तरीही २०१० मध्ये एक लाखाच्या वर गेलेली गळाची पकड २०२३ मध्ये सुमारे साडेबत्तीस हजारांवर आली. १९५२ पासूनच्या नोंदींतला हा नीचांक. त्याच वर्षी ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन संकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. समुद्रात गेलेले स्मोल्ट पूर्वीच्या मानाने फारच कमी संख्येने परततात, नद्या उन्हाळ्यात तापतात, आणि मत्स्यशेतीतल्या उवांचा उपद्रव रानटी पिलांना होतो. आठशे वर्षे वाटणीचे नियम घडवण्यात गेली. ते आज पूर्वी कधी नव्हते इतके नेटके आहेत, पण नदीकाठच्या माणसाचा हात आवरण्यापलीकडे त्यांची सत्ता चालत नाही.

स्कॉटलंडला जाऊन गळ टाकण्याची हौस असलेल्या मराठी वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे. तिथे सरकारी परवाना लागत नाही, पण हक्कदाराची लेखी परवानगी लागते. तिच्याविना सॅमनला गळ टाकणे गुन्हा आहे. रविवारी सॅमनला गळ टाकता येत नाही. नदीची श्रेणी दर वर्षी बदलू शकते, म्हणून त्या हंगामाची यादी पाहूनच निघावे. मासा लागलाच तर त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवावा, तोंड प्रवाहाकडे करून धरावे आणि त्याने स्वतःहून शेपूट मारली की हात सैल सोडावा.